अठ्ठावीस सेकंदांची घाई

बी विषारी आहे, एवढं कळलं होतं. प्रश्न होता, दोन विषांपैकी कुठलं?

सात वर्षांच्या ईशानने रानातल्या अनोळखी वेलीची अर्धी बी खाल्ली होती. तो घाटाखालच्या दवाखान्यात बेशुद्ध पडला होता, आई त्याच्याजवळ होती. डॉक्टरांकडे दोन उतारे (विषावरची औषधं) होते. बरोबर उतारा दिला तर पोरगा वाचेल. चुकीचा दिला तर घात. हातात जेमतेम तासभर होता.

त्याच्या खिशातली उरलेली अर्धी बी घेऊन बाबा आणि थोरली बहीण स्वधा घाटमाथ्यावर आजोबांच्या प्रयोगशाळेत आले होते. मोठ्या चुंबकाच्या यंत्रात बीची चाचणी सुरू होती. बाबा येरझाऱ्या घालत होते.

"झालं का रे?"

"साहेब, सातव्यांदा विचारलंत," टिपण्या म्हणाला. हा आजोबांचा यंत्रमानव. नोंद ठेवायला बनवलेला, त्यामुळे कुणाचं काहीच विसरत नसे. "तुम्ही सांगितलंत, जे जे कमी करता येईल ते ते कर. तसं केलंय. हा आला निकाल. रेणूतली साखळी तीन कड्यांची. पाच असत्या तर दुसरं विष. म्हणजे हे पहिलंच."

बाबांनी फोन उचलला. दवाखान्याची लाइन व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्तच.

स्वधाला गप्प बसवेना. "आजोबा, साखळी तीनच कड्यांची, हे यंत्राला कसं कळतं?"

"ये, दाखवतो. नुसतं बसण्यापेक्षा हातांना जरा काम."

आजोबांनी दोन खुर्च्यांमध्ये सैलसर दोरी बांधली आणि तिला पाच छोट्या बाटल्या टांगल्या, प्रत्येकीचा दोरा कमीजास्त लांबीचा. "या बाटल्या म्हणजे रेणूतले हायड्रोजनचे अणुगर्भ (अणूच्या मधला भाग). प्रत्येक गर्भ म्हणजे इवलासा चुंबक. यंत्रातल्या मोठ्या चुंबकात ते आपापल्या वेगाने गिरक्या घेतात. पहिलीला ढकल बघू."

पहिली झुलली. बाकीच्या जवळजवळ ढिम्म.

"आमच्या सोसायटीच्या सभेसारखं," स्वधा पुटपुटली.

"अगदी! ज्याचा त्याचा हेका वेगळा, मग एकाचं दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही." आजोबांनी सगळे दोरे सारखे केले. "आता बघ. यंत्र रेडिओलहरींच्या झटक्यांची ठरावीक माळ सोडतं. तिला मिश्रणक्रम म्हणतात. तेवढ्या वेळापुरता ती गर्भांमधला फरक पुसून टाकते. मग उरतो तो फक्त शेजाऱ्याशी असलेला दुवा, या दोरीसारखा. पहिल्याचं चुंबकत्व त्यातून पुढे सरकतं. पण त्याच साखळीत हं, परक्या रेणूत नाही."

पहिली बाटली ढकलली. ती हळूहळू मंदावली, तसतशी दुसरी झुलू लागली. मग तिसरी. आजोबांनी दोरी मुठीत धरली.

"किती हलल्या?"

"तीन."

"म्हणून साखळी तीन..." आजोबा बोलता बोलता थांबले.

"पण बाटल्या पाच आहेत!" स्वधा ओरडली. "तुम्ही दोरी लवकर धरलीत!"

आजोबा गर्रकन वळले. "टिपण्या, मिश्रणकाळ (ही माळ चालू ठेवायचा वेळ) किती ठेवलास?"

"पंधरा मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग). एरवी सत्तर असतो. जे जे कमी करता येईल, ते ते केलं."

"वाचला किती वेळ?" बाबांनी विचारलं.

"चाचणीच्या पाचशे बारा फेऱ्या, प्रत्येकीत पंचावन्न मिलिसेकंद. एकूण अठ्ठावीस सेकंद, साहेब. अख्खी चाचणी नऊ मिनिटांची."

तेवढ्यात फोन लागला. "हॅलो? लक्षणं पहिल्या विषाची वाटताहेत. पहिलाच उतारा ना? इंजेक्शन भरून तयार आहे," डॉक्टर म्हणाले.

स्वधाने बाबांच्या हातातून फोन ओढून घेतला. "थांबा डॉक्टरकाका! देऊ नका! नऊ मिनिटांत सांगते!"

चाचणी पुन्हा सुरू झाली. "मग आता भरपूर वेळ का नाही ठेवायचा?" तिने विचारलं. आजोबांनी बाटल्यांकडे बोट दाखवलं. त्या केव्हाच थांबल्या होत्या. "फार थांबलं की झोकाच विरतो. वाचायला काही उरत नाही. पोचेल इतका, पण विरणार नाही इतकाच."

बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

पडद्यावर ठिपके उमटले. एक, दोन, तीन. मग फिकट चौथा. आणि अगदी अंधूक, पण नक्की, पाचवा.

"दुसरं विष!" आजोबांनी फोनवर सांगितलं. "दुसरा उतारा द्या."

पाऊण तासाने आईचा फोन आला. आवाज रडका, पण हसरा. "डोळे उघडले त्याने. विचारतोय, माझ्या खिशातली बी कुणी घेतली?"

आजोबा पहिल्यांदाच खुर्चीत बसले. स्वधा मात्र दोरीला सहावी बाटली बांधत होती. "असं यंत्र गावोगावच्या शाळेत असलं, तर पोरं खायच्या आधीच बी तपासतील. नाही का हो आजोबा?"

"ते तूच बनव. मी आत्ताच कुठे बसलोय."

तिने पहिली बाटली ढकलली. "बाबा, सहावीपर्यंत पोचायला किती वेळ लागेल?"

बाबा तिच्याशेजारी जमिनीवरच बसले. "लागेल तेवढा लागू दे," ते म्हणाले.

टिपण्याने बाबांना दोनदा विचारून खात्री केली आणि मगच ते नोंदवलं.