एकाच घरातले पाच

“तुमच्याकडे माझा लॅपटॉप आहे,” दारातला माणूस म्हणाला.

“माझ्याकडे माझा लॅपटॉप आहे,” मी म्हणाले. दाराची साखळी काढली नव्हती. “दुकानातून घेतलाय. जुना आहे, पण पावती आहे.”

“हो हो, त्या दुकानाला मीच विकला. पत्ता त्यांनीच दिला. परत नकोय मला. फक्त त्यात… मी राहिलोय.”

साखळीच्या फटीतून माणूस जेवढा दिसतो तेवढा मी पाहून घेतला. ओली छत्री त्यानं आमच्या पायपुसण्यापासून लांब ठेवली होती. नखांच्या कडांना ग्रीस. खिशाला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा बिल्ला. बिल्ल्यावरचा फोटो मी चेहऱ्याशी ताडून पाहिला. फोटोपेक्षा चेहरा बरा होता.

“चहा टाकू का,” आतून आई म्हणाली, “की फटीतूनच पाजणार आहेस?”

साखळी काढावी लागली.

त्याची अडचण साधी होती. विकत घेतलेली गाणी, सिनेमे, ऐकायच्या गोष्टी सगळं एका खात्यावर, आणि ते खातं पाच कॉम्प्युटरवर चालतं. परवा त्यानं सहावा घेतला, तर तो म्हणतोय, जागा नाही.

“एक ऑफिसात, एक बहिणीकडे, एक बाबांकडे. एकावर मी बादली सांडली, तो उघडतच नाही. आणि पाचवा हा. विकताना माझं खातं काढायला विसरलो.”

“सगळे एकदम काढून टाका की. वर्षातून एकदा तशी सोय असते.”

“ती जानेवारीत वापरून बसलो. बादली मार्चमध्ये सांडली.” मग तो चमकला. “पण तुम्हाला कसं माहीत?”

“अटी वाचल्यात मी.”

“अटी कुणी वाचतं?”

मी वाचते. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो, तो छापण्याआधी तपासणं हे माझं काम. आणि या अटी मी दोनदा वाचल्या होत्या, कारण लॅपटॉपात कुणा परक्याच्या गोष्टी निघाल्या होत्या आणि माझी पाच वर्षांची मुलगी त्या दोन आठवडे ऐकत होती. आपण ऐकायला नको, हे मला माहीत होतं. मी गप्प बसले होते. आता चोरी माझ्याच घरात सापडली होती, म्हणून मी जरा जास्तच ताठ बोलले.

“अटींत लिहिलंय, एकाच घरात राहणाऱ्यांचे पाच. बहीण आणि बाबा तुमच्याच घरात राहतात?”

“बहीण वरच्या मजल्यावर,” तो ओशाळून म्हणाला. “बाबा मागच्या गल्लीत.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून भुंगी आली. सतत काहीतरी गुणगुणते म्हणून भुंगी. तिनं बिल्ल्यावरचं लिफ्टचं चित्र पाहिलं, मग त्याच्याकडे.

“तुम्ही लिफ्टमामा?”

लॅपटॉप उघडला की पडद्यावर यायचं, ‘लिफ्टमामाचा खजिना’. त्याच्या भाचीनं घातलेलं नाव.

“हो,” तो म्हणाला. “काय ऐकतेस?”

“दीपगृहातली मांजर.”

“कितवा भाग?”

“अकरावा. ती जिन्यात अडकलीय.”

लॅपटॉप पुढ्यात ओढून त्यानं खातं काढायच्या बटणाकडे नेलेला बाण मी पाहत होते. एका मिनिटाचं काम होतं. त्याला माहीत नव्हतं की दीड वर्षापूर्वी आम्ही दोघी आईकडे राहायला आलो, तेव्हापासून ही मुलगी कुठल्याच खोलीत एकटी बसत नव्हती. मी न्हाणीघरात गेले तर दाराबाहेर पाय दुमडून बसायची. या मांजरीनं तिला रोजची वीस मिनिटं एकटीनं बसवलं होतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं.

“जिन्यात अडकलेल्याला सोडून जायचं नसतं,” तो भुंगीला म्हणाला. “आमच्या धंद्यात तर मुळीच नाही.” आणि त्यानं लॅपटॉप मिटला. “तीस भाग आहेत. झाले की कळवा.”

पाच दिवसांनी मीच फोन केला. लॅपटॉप चार्ज होईना.

“वायरखाली पुठ्ठ्याची घडी ठेवावी लागते,” तो म्हणाला. “जाडी नेमकी लागते. येतो रविवारी.”

आला. पुठ्ठ्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मग भुंगीशेजारी जमिनीवर बसून पूर्ण भाग ऐकला. मध्येच म्हणायचा, “थांबा, थांबा, तिला दम लागलाय, एक मिनिट बसू द्या.” आणि भुंगी खरंच गोष्ट थांबवून मांजरीला दम खाऊ द्यायची.

पुढच्या रविवारी पुठ्ठा बिघडलेला नव्हता. तरी आला.

“पुठ्ठा बघायला आलो,” तो म्हणाला.

“पुठ्ठ्याची तब्येत छान आहे,” आई म्हणाली. “बसा.”

त्या दिवशी मी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. तो लिफ्टच्या दाराला कान लावून उभा राहिला, डोळे मिटून.

“काय ऐकताय?”

“तिसऱ्या मजल्यावर अडखळते. सोसायटीच्या ऑफिसात सांगून ठेवा.” डोळे मिटलेलेच. “एक सांगू? भुंगीला मला मामा म्हणू देऊ नका.”

“का? तुमच्या खजिन्यावरच लिहिलंय.”

“ते भाचीनं लिहिलंय. ती माझ्या बहिणीची मुलगी.”

“मग?”

“मग… तुम्ही माझी बहीण नाही ना.”

लिफ्ट आली. त्याचे कान लाल झाले होते, आणि लिफ्टच्या आरशात पाहिलं तर माझेही.

सगळं चांगलं चाललं होतं, म्हणूनच मला धास्ती बसली.

भुंगीचे प्रश्न आता रविवारसाठी साठू लागले. शुक्रवारपासून सुरू व्हायचं, “येणार ना? नक्की ना?” हा सूर माझ्या ओळखीचा होता. घटस्फोटानंतर तिचे बाबा दर रविवारी यायचे. मग एका आड एक. मग फोन यायचा. मग भुंगी खिडकीत बसायची आणि फोनही यायचा नाही. त्या खिडकीतल्या पोरीला मी कित्येक महिने कडेवर घेऊन खाली उतरवलं होतं. पुन्हा तिथं बसवायचं नव्हतं.

तिसावा भाग झाला. मांजरीला दिवा सापडला. मी त्याला मंगळवारी बोलावलं, भुंगी शाळेत असताना.

तो जिन्यानं आला होता, तरी धापा टाकत नव्हता. घरातली शांतता त्यानं ओळखली.

“गोष्ट संपली,” मी म्हणाले. “तुमचं काढून घ्या.”

“बाकीच्याही गोष्टी आहेत त्यात. चाळीसेक.”

“नको.”

त्यानं मान हलवली. पासवर्ड टाकला, बाण नेला, बटण दाबलं. खरंच एका मिनिटाचं काम होतं. गोष्टींची नावं पडद्यावर तशीच राहिली, फक्त राखाडी झाली.

“तिला भेटून जाऊ?”

“तेही नको.”

तो उठला. दारात थांबून म्हणाला, “पुठ्ठा ठेवून जातो,” आणि गेला. चहाचं मी विचारलंच नव्हतं. आईनं दिवसभर भांडी जरा जोरात ठेवली.

भुंगी रडली नाही. राखाडी नावांवर एकदा बोट फिरवलं आणि लॅपटॉप मिटला. मला वाटलं, निभावलं.

शनिवारी दुपारी मी काम करत होते. आतल्या खोलीतून आवाज येत होता. भुंगी आईला मांजरीची गोष्ट सांगत होती, पहिल्या भागापासून. मी दाराशी गेले. आई ऐकत होती, चष्मा पोटावर ठेवून.

“थांबा, थांबा,” भुंगी मध्येच जाड आवाजात म्हणाली, “तिला दम लागलाय, एक मिनिट बसू द्या.”

दोघी खरंच बसून राहिल्या. मीही, दाराबाहेर, पाय दुमडून.

मग मी फोन लावला.

“तुम्ही काढलंत ना,” मी म्हणाले, “ते निघालेलं नाही.”

“असं कसं? मी नीट बघितलं होतं.” मग जरा थांबून, “कुठे दिसतंय?”

“सगळीकडे.”

पलीकडून कुठलीतरी लिफ्ट वर गेल्याचा आवाज.

“उद्या येऊ?”

“या.”

रविवारी त्याची नखं स्वच्छ होती. इतकी घासलेली की बोटांची टोकं लाल झाली होती. छत्री, पाऊस नसतानाही, आणली होती. हाताला काहीतरी हवं म्हणून असेल.

भुंगीनं लॅपटॉप त्याच्यासमोर उघडून ठेवला आणि बाजूला बसली.

“पण आता जागा कुठाय?” मी म्हणाले. “पाचवा तुमचा नवा असेल.”

“नाही. रिकामी आहे.”

“पाच दिवस झाले!”

“रोज बसलो टाकायला. हात होईना.” त्यानं पासवर्ड टाकला आणि हात मांडीवर घेतले. “मी अटी वाचल्या. सगळ्या. चौदा पानं.”

“आणि?”

“आणि ती एकाच घरात राहणाऱ्यांची अट तीनदा वाचली.” तो पडद्याकडेच बघत होता. “मी इथे बटण दाबलं तर… ते आज खोटं आहे. मला ते खोटं ठेवायचं नाहीये. घाई नाही. पण तुम्हाला विचारल्याशिवाय दाबणार नाही.”

बारीक अक्षरांत माणूस काय लपवतो ते शोधायची मला सवय आहे. मी त्याचा चेहरा दोनदा तपासला. काही सापडलं नाही.

“माझीही एक अट आहे,” मी म्हणाले. “नेहमी येईन, असं काही सांगायचं नाही.”

“मग काय सांगू?”

“ज्या रविवारी येणार नसाल, तो सांगायचा. आदल्या दिवशी. मला नाही, तिला.”

तो भुंगीकडे वळला. अगदी गंभीरपणे, मोठ्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, “येत्या रविवारी येणार आहे. त्याच्या पुढच्या रविवारी बाबांचे डोळे दाखवायचेत, उशीर होईल. चार वाजतील.”

भुंगीनं विचार केला. “चालेल.”

मी हात पुढे केला आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं, पाचपैकी पाच. राखाडी नावं एकेक करत काळी झाली. माझा हात तिथेच राहिला, कारण त्याचाही तिथेच आला होता.

“आता मामा नाही म्हणायचं,” तो भुंगीला म्हणाला.

“मग काय म्हणू?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. चौदा पानांत याचं उत्तर नव्हतं.

“आधी जेवायला चला म्हण,” स्वयंपाकघरातून आई म्हणाली. “बाकीचं सावकाश.”