कच्चा विषय

ती झोपली होती, आणि ही झोप तिच्या वेळापत्रकात रीतसर बसवलेली होती.

कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर फिजिक्सच्या प्रयोगशाळेला लागून एक अंधारी खोली होती, प्रकाशाचे प्रयोग करायची. खिडक्यांना जाड काळे पडदे, मधोमध एक लांब टेबल, आणि खडूचा नि जुन्या लाकडाचा मंद वास. सकाळची लेक्चर्स संपल्यापासून दुपारची प्रॅक्टिकल्स सुरू होईपर्यंत तिथे चिटपाखरूही फिरकत नसे. टेबलावर डोकं टेकून डुलकी काढायला अख्ख्या कॉलेजात याहून चांगली जागा नव्हती, आणि हा शोध आपण एकटीनंच लावलाय असा तिचा समज होता.

त्या दिवशी डोळे उघडले तेव्हा तिच्या तळहातावर रंग पडले होते. तांबडा, नारिंगी, पिवळा, मग हिरवा... बोटांच्या टोकांशी जाऊन जांभळा विरून गेलेला. आपण अजून स्वप्नातच आहोत असं तिला वाटलं. मग दिव्यामागे कोणीतरी हललं. चष्मा लावलेला एक उंच मुलगा, हातात प्रिझम धरून, श्वास रोखून उभा होता.

"दचकू नका," तो म्हणाला. दचकला होता तोच.

"ही माझी झोपेची वेळ आहे," ती म्हणाली.

"आणि ही माझी प्रिझम लावायची. दुपारी पोरांचं प्रॅक्टिकल आहे." तो जरा घुटमळला. "हात... तसाच ठेवता का थोडा वेळ? पडद्यापेक्षा तुमच्या हातावर रंग छान उठतायत."

खरं तर तिनं हात झटकन मागे घ्यायला हवा होता. तिनं घेतला नाही. झोप पुरती उतरली नव्हती म्हणून, अशी तिनं नंतर स्वतःची समजूत घातली, आणि ती समजूत पुढे फार दिवस टिकली नाही.

तो फिजिक्समध्ये एम.एस्सी. करत होता आणि खालच्या वर्गांची प्रॅक्टिकल्स सांभाळत होता. तिच्या मैत्रिणीनं दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'प्रिझमवाला' ठेवून टाकलं. तिला स्वतःलाही घरी एक नाव होतं. दादा तिला घड्याळबाई म्हणायचा, कारण कपाटाच्या दारावर तिनं एक भलामोठा तक्ता चिकटवला होता आणि ती त्या तक्त्याच्या हुकमाबाहेर पाणीसुद्धा पीत नाही असं त्याचं म्हणणं होतं.

दादाला चेष्टा सुचत होती, पण तक्ता तिच्या गरजेचा होता. झूलॉजीचं शेवटचं वर्ष. सकाळी लेक्चर्स, दुपारी स्लाइड्स आणि जर्नल्स, कॉलेजची हजेरी चुकवून चालणार नाही. आणि त्यात मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास बसवायचा. पहाटे उठून बायोलॉजी, बसमध्ये उभ्या उभ्या फॉर्म्युले, संध्याकाळी केमिस्ट्री. गेल्या वर्षी तिची जागा थोडक्यात हुकली होती. त्यानंतर कितीतरी दिवस ती धड जेवली नव्हती, आणि ते बाबांना बघवलं नव्हतं. ते रागावले नाहीत, फक्त एकदा जवळ बसवून म्हणाले की यंदा डिग्री सांभाळून शेवटचं बसायचं, आणि नाही झालं तर आत्याच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी धरायची, पुन्हा हा विषय घरात काढायचा नाही. तिनं हो म्हटलं. बाबा शब्दाचे पक्के, आणि दुर्दैवानं तीही त्यांचीच मुलगी.

डॉक्टर व्हायचं मात्र तिनं आईमुळे ठरवलं होतं. आई लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. शाळेला सुटी असली की ती आईबरोबर जायची आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत राहायची. तिथल्या एक डॉक्टरीणबाई बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावण्याआधी तो स्वतःच्या मुठीत धरून ऊब आणायच्या. तेवढं बघून तिचं ठरलं होतं. इतर मुलींचं काय काय बघून ठरतं, तिचं हे बघून ठरलं.

तक्त्याचा एकच कायदा होता. दर रविवारी सराव परीक्षा, आणि ज्या विषयात सगळ्यात कमी मार्क तो त्या आठवड्याचा कच्चा विषय. दुपारच्या डुलकीनंतरचा मोकळा तास त्याचा. तेव्हा कच्चं होतं फिजिक्स. अगदी कच्चं, मडकं भाजायच्या आधी असतं तसं. प्रिझमवाल्याला हे कळलं तेव्हा तो सहज म्हणाला, "या खोलीत झोपता येतं, तसं शिकताही येतं." झालं, झोपेची वेळ परतीच्या बसमध्ये गेली आणि दुपारचा तास त्याला मिळाला.

काय तास होते ते... बाहेर ऊन रणरणत असायचं, आणि आत पडद्याच्या फटीतून उन्हाची एकच सोनेरी रेघ यायची. त्यात धूळ संथपणे तरंगायची. तो बोलायला लागला की त्याचे हातच जास्त बोलायचे. लाटा, धागे, पडणारे चेंडू, सगळं तो हवेत काढून दाखवायचा, आणि काढलेलं पुसायलाही विसरायचा नाही. ती हसली की त्याचं वाक्य अर्ध्यात तुटायचं.

"तुम्ही हसलात की मी कुठे होतो ते विसरतो," तो एकदा म्हणाला.

"घर्षणावर होता."

"तेच... घर्षणावर." आणि चष्मा पुसत बसला, जो मुळीच मळलेला नव्हता.

महिन्याभरात तिचं फिजिक्स सुधारलं. नुसतं सुधारलं नाही, आवडायला लागलं. आणि एका रविवारी पेपर सोडवताना तिच्या लक्षात आलं की सगळी उत्तरं येतायत. म्हणजे पुढच्या आठवड्यात फिजिक्स कच्चं राहणार नाही, दुपारचा तास दुसऱ्याच विषयाला जाणार, आणि मग अंधाऱ्या खोलीत जायला तिच्याकडे कारणच उरणार नाही. पेन थोडा वेळ कागदावर तसंच थांबलं. मग तिनं काही प्रश्नांवर, माहीत असलेली उत्तरं सोडून, शेजारच्या गोलांवर खुणा केल्या.

नियमाची एवढी पक्की मुलगी. नियम तिनं मोडलाच नाही; नियमालाच फसवलं.

पेपर प्रिझमवाला तपासायचा. "फिजिक्स अजून थोडं राहिलंय," तो म्हणाला, आणि तिचा जीव भांड्यात पडला. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. केमिस्ट्री मात्र खरोखरच घसरत चालली होती. तिला ते दिसत होतं. ती मुद्दाम तिकडे बघत नव्हती. जेवताना बाबांनी अभ्यास कसा चाललाय विचारलं की ती छान म्हणायची, आणि पटकन पुढचा घास घ्यायची.

परीक्षा तोंडावर आली होती तेव्हाची गोष्ट. ती अंधाऱ्या खोलीत शिरली तर सगळे पडदे सरकवलेले. भर उन्हाचा झोत आणि टेबलावर तिचे पेपर. तो खुर्चीत न बसता उभाच होता.

"बसा," तो म्हणाला. "आज शिकवायचं नाहीये."

ती बसली.

"ज्याला येत नाही ना, तो असा चुकत नाही. तो चार ठिकाणी फसतो, दोन ठिकाणी चुकून बरोबर येतो. तुमचं एकही उत्तर चुकून बरोबर आलेलं नाही. सोपे प्रश्नसुद्धा तुम्ही इतके नेमके चुकवलेत की..." तो थांबला. "बरोबर उत्तर माहीत असल्याशिवाय ते जमत नाही."

तिचे कान तापले. तिनं सगळ्यात वरचा पेपर उलटा करून ठेवला.

"केव्हा कळलं?"

"पहिल्याच रविवारी."

"पहिल्या?" आता तिला राग आला, आणि तो स्वतःवर की त्याच्यावर ते तिचं तिलाच उमगेना. "मग बोलला का नाहीत? माझी केमिस्ट्री बुडतेय. हे माझं शेवटचं वर्ष आहे, तुम्हाला माहीत होतं."

त्यानं टेबलावरचे पेपर उगाच सारखे केले. खाली मैदानात कोणीतरी शिट्टी वाजवली.

"माहीत होतं," तो म्हणाला. "दर सोमवारी ठरवायचो, आज सांगायचं. आणि तुम्ही दारात दिसलात की... मलाही हा तास हवा होता. तुमच्यापेक्षा जास्तच, बहुतेक. म्हणून माझी चूक मोठी."

इतके दिवस जे ऐकावं असं तिला वाटत होतं ते तो बोलला होता, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाचं होतं असं काही म्हणता येणार नाही. आत्याची लॅब, बाबांचा चेहरा, मुठीतला स्टेथोस्कोप, सगळं एकदम समोर आलं. तिनं पेपर गोळा केले. उठताना फक्त एवढंच विचारलं की आता तुमचं काय.

"मी काही परीक्षेतला विषय नाही," तो म्हणाला. "मी थांबेन."

दुपारचा तास केमिस्ट्रीच्या मॅडमकडे गेला. त्या भल्या होत्या, कडक होत्या, आणि त्यांच्या खोलीत ट्यूबलाइटचा लख्ख उजेड होता. ती हट्टानं शिकली. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी तो कधी कधी उभा असायचा. ती खालून जाताना केमिस्ट्रीचं जाडजूड पुस्तक किंचित वर उचलून दाखवायची आणि तो मान हलवायचा. तेवढंच. तेवढ्यावर तिचा अख्खा दिवस हलका जायचा, आणि रात्री डोळे मिटले की पापण्यांमागे रंग उमटायचे. रविवारचे पेपर ती आता दादाकडून तपासून घेत होती, आणि सगळे खरे खरे सोडवत होती.

परीक्षा झाली. आणि निकाल लागला तेव्हा आई ड्यूटीवर होती. वॉर्डात फोन केला तर आईच्या आधी तिथल्या सिस्टरच रडायला लागल्या. बाबांनी निकालाचा कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. शहरातल्याच मेडिकल कॉलेजात जागा मिळत होती. दादानं कपाटाचं दार मोकळं करून हवं म्हणून लगेच अर्ज केला.

ती मात्र चप्पल अडकवून निघाली होती. प्रिझमवाला प्रयोगशाळेत भिंगं पुसत बसला होता. तिला बघून तो उभा राहिला, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला सगळं कळलं. तरी तिनं निकालाबरोबर आलेला आपल्या उत्तरांचा तपासलेला कागद त्याच्या हातात दिला. त्याची नजर सवयीनं फिजिक्सवर गेली, सरसर खाली आली आणि एका जागी अडली.

"एक चुकलाय," तो म्हणाला.

"हं."

"भिंग पाण्यात बुडवल्यावर काय होतं..." त्यानं तिच्याकडे बघितलं. "मुद्दाम?"

"नाही हो. हा खराच चुकला."

"पण हे तर मी शिकवलं होतं. पाण्यात भिंग बुडवून दाखवलं होतं."

"दाखवलं होतंत," ती म्हणाली. तिनं नजर खाली घेतली नाही. "मी भिंगाकडे बघतच नव्हते."