उपाशीपोटी तीनशे बारा

“तीनशे बारा,” ठिपक्या म्हणाला.

आई दारात झाडू बांधत बसली होती. मान वर न करताच ती म्हणाली, “तीनशे बारा? आपली मेंढरं एकशे चाळीस. बाकीची कुणाची हाकलून आणलीस रे?”

ठिपक्या म्हणजे झोऱ्यांच्या घरातला यंत्रकुत्रा. दिवसभर तो घुमटवाडीच्या पठारावर कळपामागे हिंडायचा आणि दुपारी घरी येऊन मोजदाद सांगायचा. त्याला आणखी एक काम होतं. अकरा वर्षांच्या बानूच्या दंडावर एक चकती होती, तिच्याकडून आलेला आकडा घरात सांगायचा. पण मेंढरांचा आकडा असो की बानूचा, ठिपक्याचा सूर एकच.

“मेंढरं एकशे चाळीस,” तो म्हणाला. “बानू तीनशे बारा.”

आईच्या हातातला झाडू गळून पडला.

आत घोंगडीवर बानू तापानं फणफणली होती. ओठ सुकलेले, गाल लाल. सकाळपासून तिसरा तांब्या पाणी पिऊन झाला होता आणि तितक्याच वेळा ती मोरीकडे जाऊन आली होती.

“खोटं बोलतोय तो ठिपक्या!” ती म्हणाली. “मी सकाळपासून दाणा खाल्लेला नाही. पोटात गेलंच नाही, तर रक्तात साखर आली कुठनं?”

उपाशीपोटी हा आकडा शंभराच्या आसपास हवा. कोडं खरोखरच अवघड होतं.

बानूला मधुमेह होता, पहिल्या प्रकारचा. म्हणजे तिचं स्वादुपिंड (जठराच्या मागं दडलेला एक अवयव) इन्सुलिन तयार करत नव्हतं. इन्सुलिन म्हणजे एक संप्रेरक (शरीराच्या एका भागानं दुसऱ्या भागाला रक्तातून धाडलेला निरोप). निरोप असा, की दारं उघडा, साखर आत घ्या. तो निरोप पोचला नाही तर साखर रक्तातच भटकत राहते आणि पेशी आत उपाशी राहतात. म्हणून तिच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, डॉक्टर सोमा झोऱ्यांनी, टिकली बनवली होती. रुपयाएवढी चकती. एका बाजूनं साखर मोजायची, दुसऱ्या बाजूनं हवं तेवढं इन्सुलिन सोडायची.

आबा लहानपणी याच पठारावर मेंढरं राखत. पुढं परदेशी जाऊन मोठे शास्त्रज्ञ झाले, आणि डोक्यावरचं मुंडासं तसंच ठेवून परत आले. टिकलीवर त्यांनी एक बटण खास इथल्या माणसांसाठी बसवलं होतं. त्यावर लिहिलं होतं ‘उपवास’. एकादशीला, भैरोबाच्या वाराला माणसं जेवत नसत. रोजच्याइतकंच इन्सुलिन अंगात गेलं तर साखर फार खाली जाऊन घेरी येई. म्हणून हे बटण दाबलं की टिकली इन्सुलिन निम्म्यावर आणायची. साऱ्या शोधांत आबांना या बटणाचा अभिमान जास्त.

आबा आले ते धापा टाकत. पवनकाठ्यांपाशी होते ते. पात्यांशिवाय नुसत्या डोलून वीज करणाऱ्या या काठ्या पठारभर उभ्या होत्या, आणि वारा सुटला की सारं पठार गुणगुणायचं.

“काय केलंस, पोरी? सगळं सांग.”

“काही नाही केलं. सकाळी ताप भरला. आई म्हणाली, आज लंघन.”

“आमच्याकडं तापाला उपाशीच मारत्यात,” आई घाईनं म्हणाली. “माझ्या आईनं तेच केलं, तिच्या आईनं तेच. चुकलं का काय, मामंजी?”

“आणि लंघन म्हणजे उपवासच की,” बानू म्हणाली. “म्हणून मी उपवासाचं बटण दाबलं. कुणाला न विचारता. माझं माझं.” इतक्या तापातही तिचा आवाज थोडा ताठ झाला.

आबा घोंगडीवर बसले. त्यांनी आधी टिकलीवरचं बटण पुन्हा दाबून बंद केलं. मग सुईनं बोटाचा थेंब घेऊन एका पट्टीवर ठेवला. पट्टीवर आकडा उमटला, एक पूर्णांक सहा दशांश. तो सहा दशांशाच्या आत हवा होता.

“हे किटोन,” आबा म्हणाले. “आता डॉक्टर मुजावरांना बोलावायला हवं.”

“नको!” बानू उठूनच बसली. “आबा, त्यांना नको. दुसऱ्या कुणालाही बोलवा.”

तिच्या ओरडण्यामागं कारण होतं. पंधरा दिवसांनी मेघयान वर जाणार होतं. मेघयान (हेलियमच्या फुग्यानं उचललेली, ढगांच्याही वर तरंगणारी प्रयोगशाळा) दरवर्षी बारा मुलांना दहा दिवस आकाशात नेई. अर्ज केलेल्या हजारो मुलांतून बानूचं नाव निघालं होतं. टिकली लावलेलं मूल आजवर एकही वर गेलं नव्हतं. आणि मेघयानाच्या डॉक्टर होत्या याच, नसरीन मुजावर. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, “बानू, वर गेल्यावर आजारी पडलीस तर काय करशील?” बानूनं छाती काढून उत्तर दिलं होतं, “मी आजारीच पडत नाही!” डॉक्टर हसल्या होत्या, पण तिच्या नावापुढं त्यांनी शिक्का मारला नव्हता. ‘निर्णय नंतर’ एवढंच लिहिलं होतं.

“तीनशे बारा बघितलं की त्या माझं नाव कापतील,” बानू म्हणाली. तिचे डोळे भरले. “दोन वर्षांत माझा आकडा एकदाही असा गेला नव्हता.”

आबांनी बानूच्या कपाळावर हात ठेवला.

“गेल्या थंडीत लांडगा आला होता, आठवतं?”

“आठवतं.”

“तेव्हा तुझ्या आईनं काय केलं?”

“कोठार उघडलं. सगळी लाकडं बाहेर ओढली आणि मेंढरांच्या वाड्याभोवती जाळ केला.”

“मोजून काढली का लाकडं? विचारलं का कुणाला, की बाई, आज स्वैपाकाला किती लागतील?”

“छ्या! लांडगा दारात असताना मोजत बसतंय का कुणी?” आईच बोलली.

“अगदी तेच बानूच्या अंगात चाललंय,” आबा म्हणाले. “जंतू आले. शरीरानं आरोळी ठोकली. ती आरोळी म्हणजेच ताणाची संप्रेरकं. यकृत हे आपलं साखरेचं कोठार. जेवणातली जादा साखर ते साठवून ठेवतं. आरोळी ऐकली की ते दारं सताड उघडतं, लढणाऱ्या पेशींना बळ मिळावं म्हणून. वर नवी साखरही तयार करतं. पोटात घास असो नसो.”

बानू उशीवरून ऐकत होती. “म्हणजे साखर बाहेरून नाही आली. घरातनंच आली.”

“घरातनंच आली. आता पुढचं बघ. इन्सुलिन काय करतं?”

“पेशींची दारं वाजवतं.”

“लांडग्याच्या रात्री तुझा मामा आपलं दार ठोठावत होता. कुणी उघडलं?”

“कुणीच नाही. कुत्री, ढोल, आरडाओरडा... ऐकूच आलं नाही कुणाला.” बानू एकदम थांबली. “थांबा. तापातही तसंच? गोंगाटात इन्सुलिनची थाप ऐकू जात नाही?”

“ऐकू कमी जाते. म्हणून मग...”

“दारावर जास्त थापा द्यायला पाहिजेत!” बानू म्हणाली, आणि दुसऱ्याच क्षणी तिचा चेहरा उतरला. “आणि मी तर निम्म्या करून टाकल्या.”

बाहेर पवनकाठ्या गुणगुणत होत्या.

“आणि ते किटोन?” तिनं हळूच विचारलं.

“पेशी आत उपाशी. साखर दाराबाहेर, हाताला येत नाही. मग त्या चरबी जाळायला लागतात. ओली लाकडं जाळली की धूर होतो ना? तसा चरबीच्या जाळाचा धूर म्हणजे किटोन. आंबट असतात ते. थोडे असले तर चालतं, फार झाले तर रक्त आंबट होतं. पोट दुखतं, उलट्या होतात, श्वास लागतो. माणसाच्या जिवावर बेततं, बानू. म्हणून डॉक्टर हव्यात.”

मग आबांनी डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. “आणि चूक तुझी एकटीची नाही. बटण मी केलं. उपवास आणि लंघन आपल्याकडं एकाच पंगतीला बसतात हे मला कळायला हवं होतं. उपवासाला शरीर निवांत असतं, तापात ते लढत असतं. दोन्हीकडं ताट रिकामं, एवढंच सारखं. मी ताट बघितलं, लढाई बघितली नाही.”

एवढा मोठा शास्त्रज्ञ आपली चूक अशी मांडीवर घेऊन बसलेला बानूनं कधी पाहिला नव्हता. ती कोपरावर टेकून उठून बसली. मग म्हणाली, “ठिपक्या, डॉक्टर मुजावरांना लाव. बोलणार मी.”

भिंतीवरच्या पडद्यावर डॉक्टर दिसल्या. बानूनं सगळं सांगितलं: ताप, लंघन, बटण, तीनशे बारा, एक पूर्णांक सहा दशांश. काही झाकलं नाही. डॉक्टरांनी मधे एकदाच विचारलं, “उलटी?” बानू म्हणाली, “नाही. मळमळतंय.”

“मग घरीच बघू, पण डोळ्यात तेल घालून,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी टिकलीला जादा इन्सुलिनचा हिशेब धाडला. “हा आकडा मी ठरवायचा, तुम्ही अंदाजानं नाही. बानू, दर पंधरा मिनिटांनी पाण्याचे घोट. दर दोन तासांनी किटोन. साखर उतरायला लागली की पातळ पेज. उलट्या सुरू झाल्या किंवा किटोन उतरले नाहीत, तर सरळ दवाखान्यात. ताई, आज लंघन नको.”

“न्हाई बाई, आता जन्मात न्हाई,” आई म्हणाली, आणि तांदूळ निवडायला बसलीसुद्धा.

दुपार सरकली. ठिपक्या उंबऱ्यात बसून राहिला. “बानू दोनशे एकोणसत्तर.” घोट. “बानू दोनशे चौदा.” आईनं वाटीत पेज आणली, मीठ घालून. बानूनं दोन चमचे घेतले, तोंड वाकडं केलं, आणखी दोन घेतले. ऊन पठारावरून उतरू लागलं तेव्हा पट्टीवर आकडा आला, चार दशांश. आबांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा पुसायला घेतला.

तिसऱ्या दिवशी ताप गेला. बानू अंगणात बसून आबांच्या ढोलावर बोटं वाजवत होती. झोऱ्यांच्या घरात जे विसरायचं नाही त्याची ओवी होते. कुठल्या वाटेला पाणी, कुठल्या झाडाचा पाला विषारी, सगळं ओवीत. पठारावर टिकली लावलेली माणसं आणखी सात होती. त्यांच्यासाठी बानूनं ओवी बांधली:

ताप आला दारी, भूक गेली रानी,
इन्सुलिन-पाणी, सोडू नये.
दर दोन तासां, थेंब एक घ्यावा,
आकडा पाहावा, न भिता गं.
उलटी थांबेना, किटोन चढले,
डॉक्टर गाठले, पाहिजेत.

“साखर नेहमी चढतेच असं नाही हं,” आबा म्हणाले. “उलट्या-जुलाबात कधी खालीही जाते.”

“म्हणून तर ‘आकडा पाहावा’ म्हटलंय,” बानू म्हणाली. “अंदाज बांधावा, असं कुठं म्हटलंय?”

आई खदखदून हसली. “घ्या, मामंजी! शास्त्रज्ञ ती का तुम्ही?”

आबांनी टिकलीवर नवं बटण बसवलं. ते दाबलं की इन्सुलिन आपोआप कमी होत नव्हतं, मोजणी वाढत होती, किटोनची आठवण होत होती आणि डॉक्टरांना हाक जात होती. नाव बानूनं दिलं: ‘लांडगा’.

संध्याकाळी डॉक्टर मुजावर पुन्हा पडद्यावर आल्या. त्यांच्या हातात मुलाखतीचा तोच कागद होता.

“बानू, एक प्रश्न राहिला होता. वर गेल्यावर आजारी पडलीस तर काय करशील?”

बानूनं छाती काढली नाही. ढोल पुढं ओढला आणि ओवी म्हटली, शेवटच्या ओळीपर्यंत. मग म्हणाली, “आणि तीनशे बारा माझ्या नोंदीत राहू द्या. ते खरं आहे.”

डॉक्टरांनी शिक्का हातात घेतला. “मी आजारी पडत नाही म्हणणाऱ्या मुलीला वर न्यायला मला भीती वाटत होती,” त्या म्हणाल्या. “हिला न्यायला वाटत नाही.” आणि कागदावर शिक्का मारला. “ही ओवी लिहून दे मला. मेघयानाच्या औषधपेटीच्या झाकणावर लावायची आहे.”

पंधराव्या दिवशी मेघयान वर गेलं. ढगांपलीकडं पांढरा ठिपका होऊन दिसेनासं झालं, तरी आई आणि आबा माना वर करून उभे होते. आबांनी मुंडासं नीट बसवलं होतं. आईनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बोट दाखवून सांगितलं होतं, “ती काय, आमची बानू.”

दुपारी ठिपक्या कळप घेऊन आला.

“मेंढरं एकशे चाळीस,” तो त्याच सुरात म्हणाला. “बानू एकशे अठरा.”

“आणि हाय कुठं ती?” आईनं विचारलं. तिला माहीत होतं, तरी विचारलं.

ठिपक्यानं मान उचलून वर पाहिलं.

“वीस किलोमीटर उंचावर,” तो म्हणाला. “आपल्या सगळ्यांच्या वर.”