कोरडी बोटं, ओला तळहात

मशीनवरचा दिवा पुन्हा लाल झाला.

"अंगठा उचला. पुसा. परत ठेवा," काचेपलीकडच्या बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तशी मायाही नव्हती. दिवसभर लोकांची बोटं बघणाऱ्या माणसाला दोन्हींसाठी वेळ कुठून मिळणार?

तिने अंगठा ओढणीला पुसला. परत ठेवला. मनात म्हणाली, देवा, एवढा एक हिरवा कर रे... बाकी तुझ्याकडे काही मागणार नाही. निदान आज तरी नाही.

लाल.

कामासाठी थोड्या दिवसांच्या व्हिसावर परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज या ऑफिसात घेत. तिचे सगळे कागद जागच्या जागी होते. तिकडच्या दुकानवाल्या बाईंचं बोलावणं होतं, बँकेचे कागद होते, कान दिसणारा आणि हसू नसलेला फोटो होता. तिने ते इतक्यांदा तपासले होते की कोपरे मऊ पडले होते. आणि आता अडलं कुठे, तर बोटांपाशी!

"काय काम करता तुम्ही?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"लाकडी खेळणी बनवतो आम्ही. खुळखुळे, भोवरे. लेथवर लाकूड फिरवून बाबा काततात, पॉलिश पेपरने घासते मी."

"कधीपासून?"

"शाळेत होते तेव्हापासून."

"मग लाकडाबरोबर बोटंही घासलीत की! रेषाच उरल्या नाहीत. जा, हात धुवा, जरा ओलसर राहू द्या. बाकावर बसा, पुन्हा बोलावते."

देवाने प्रत्येकाच्या बोटावर केवढ्या हौसेने निराळी नक्षी काढली! एकदा काढली ती पुन्हा कुणावर काढायची नाही, असा नेमच धरला त्याने. आणि या पोरीने ती पोटासाठी घासून साफ करून टाकली. आता मी मीच आहे, हे तिने पटवायचं कुणाला? एका यंत्राला!

ती हात धुऊन बाकावर बसते न बसते, तोच शेजारच्या खिडकीतून आवाज आला, "अहो, हात आहे की पाणी? मशीनवर तळं साचलंय! बाकावर बसा, कोरडे करा."

एक उंच तरुण रुमालाने हात पुसत आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला. रुमाल पिळायच्या बेतात होता.

त्याने विचारलं, "तुमचं काय? ओली?"

"कोरडी."

"बघा... वाटणीतच घोळ झालाय."

तिला हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदा. "घाबरलात की घाम येतो का?"

"उलटं आहे. घाम येतो म्हणून घाबरतो. परीक्षेत पेपर भिजायचा माझा. कुणी हात पुढे केला की मी घाईघाईने नमस्कार करतो. लोक म्हणतात, काय संस्कार आहेत पोरावर!" तो क्षणभर थांबला. "कारखान्यात मला गळका नळ म्हणतात."

"आणि तुम्ही ऐकून घेता?"

"नळाने काय करायचं? गळायचं."

बिस्किटांच्या कारखान्यात तो यंत्रं सांभाळायचा. नवं पॅकिंगचं यंत्र घ्यायचं होतं. तिकडे जाऊन ते चालवून बघायचं आणि परत यायचं, एवढंच काम. पण त्यासाठी साहेबांनी पहिल्यांदाच त्याला निवडलं होतं. तिचंही तसंच. तिकडे खेळण्यांचं प्रदर्शन होतं. बाबांचे गुडघे जिना चढू देत नव्हते, तर विमान कुठलं? आणि आता गिऱ्हाईक उरलं नव्हतं. "तिकडून काम मिळालं तर ठीक," बाबा शांतपणे म्हणाले होते, "नाहीतर लेथ विकून टाकू." ते इतकं शांतपणे म्हणाले होते, म्हणूनच तिला ते खरं वाटलं होतं.

हे सगळं ती एका अनोळखी माणसाला सांगत गेली... का, ते तिलाही कळलं नाही. तो ऐकताना हात पुसायचं विसरला होता.

पुन्हा बोलावणं आलं. पुन्हा लाल. त्याचंही लाल.

"पुढच्या आठवड्यातली वेळ देते दोघांना," बाई म्हणाल्या. "तुम्ही हातांना आराम द्या. घासकाम बंद. रेषा येतात परत. आणि तुम्ही... तुम्ही काय करता ते बघा बाबा!"

घासकाम बंद? अजून निम्मे नमुने तसेच पडले होते! ती जिना उतरत होती आणि छातीत कुणीतरी लेथ सुरू केल्यासारखी धडधड चालू होती.

"अहो... खुळखुळेवाल्या!"

ती वळली. तो दोन-दोन पायऱ्या उतरत आला.

"तुमच्याकडे भुसा असेल ना? लाकडाचा? सुतारांचे हात कधी ओले दिसत नाहीत. म्हणून म्हटलं, भुशाने... थोडा मिळेल का?"

"भुसा मागायला कुणी असं मागे धावतं?"

"मी धावतो. म्हणजे... उद्या येऊ?"

तिने पत्ता सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. बाबांनी लेथ थांबवला, वरपासून खालपर्यंत त्याला न्याहाळलं.

"कोण हे?"

"भुसा न्यायला आलेत," ती म्हणाली. हातात पांढरे सुती मोजे, आत तेल चोळलेली बोटं. आपल्याच घरात पाहुणी आल्यासारखी ती खुर्चीत बसून होती.

"पोतं आणलंय?"

"नाही काका... रुमाल."

बाबांनी पाणी प्यायला घेतलं होतं, त्यांना ठसकाच लागला. "रुमालभर भुशासाठी दोन बस बदलून आलात?"

त्याचे कान लाल झाले. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने समोरचा खुळखुळा आणि पॉलिश पेपर उचलला. "मी घासू का? यांचे हात बंद आहेत ना."

घासला. पण जिथे जिथे त्याचा हात लागला, तिथे लाकूड खरखरीत झालं. तिने पाहिलं आणि ती उभीच राहिली. "अहो, ओलं केलंत! केस उभे राहिले लाकडाचे! बाळं हे तोंडात घालतात, कुसळ टोचलं म्हणजे?"

त्याने खुळखुळा असा खाली ठेवला, जणू बाळालाच लागलं असावं.

"थांब गं," बाबा म्हणाले. "शेवटचा हात फिरवायच्या आधी आपण ओलं फडकं कशाला फिरवतो? केस उभे करायलाच ना? एकदा उठले आणि घासून गेले की पुन्हा उठत नाहीत. याला फडक्याची गरजच नाही. देवाने अंगातच दिलंय."

गळक्या नळाच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते तिने पाहिलं आणि पटकन नजर वळवली. जन्मभर ज्याची लाज वाटली, ते कुणाच्या तरी कामी येतं, असं त्याला याआधी कुणी सांगितलं नसावं.

त्याने पुन्हा घासला. तिने मोज्यातल्या हाताने तो खुळखुळा घेतला, आणि बोटांना आता कळणार नाही म्हणून गालावरून अलगद फिरवला... डोळे मिटून.

"झाला?" त्याने विचारलं.

"झाला."

"मग... आणखी एकदा बघा ना. नक्की कळायला हवं."

"पुढचा घ्या," बाबा लेथकडे बघत म्हणाले.

मग तो कामावरून सुटला की रोज येऊ लागला. नमुने होत गेले. जाताना तो भुशाने हात चोळायचा, ती मोजा काढून काचेच्या ग्लासावर अंगठा टेकवायची. दोघं ग्लास दिव्याकडे धरून बघत. आधी नुसता धुरकट डाग. मग एके दिवशी कडेला दोन-तीन बारीक वळणं.

"आली बघा," तो हळूच म्हणाला. "तुम्ही तुम्हीच आहात."

"शंका होती?"

"मशीनला होती. मला पहिल्या दिवसापासून नव्हती."

तिने ग्लास विसळून टाकला. घाईने, नको इतक्या घाईने.

पण काळजी काही विसळली जात नव्हती. ती झोपेतही बोटं चाचपायची. ठरलेल्या दिवशी त्या ऑफिसात शिरेपर्यंत तिने मोजे काढले नव्हते. तो मात्र हात उघडून दाखवत होता. भुशाने चोळलेले, खडखडीत कोरडे. "बघा! आज नळ दुरुस्त!"

तिला आधी बोलावलं. एक बोट हिरवं. दुसरं हिरवं. डावा हात पार पडला. उजव्याची बोटंही. मग राहिला उजवा अंगठा, लाकडाला सगळ्यात जास्त भिडणारा.

लाल.

लाल.

"बसा," बाई म्हणाल्या. आज त्या आवाजात थोडी माया आली होती, आणि त्यानेच तिला जास्त भीती वाटली. "या तुमच्या सोबतच्यांच्या आधी तुम्हाला एकदा बोलावते. नाही जमलं तर नवी तारीख घ्यावी लागेल. महिना तरी जाईल."

महिना! म्हणजे प्रदर्शन उठलं. म्हणजे लेथ गेला. ती बाकावर बसली आणि अंगठ्याकडे बघत राहिली. कोरडा, गुळगुळीत, खुळखुळ्यासारखा; पाण्याने भिजवला तरी क्षणात पुन्हा सुकणारा. डोळ्यांत पाणी आलं, पण ते बोटावर येईना.

"द्या हात," तो म्हणाला.

"काय?"

"हात द्या."

"वेडे आहात का? तुमचे आत्ताच कोरडे झालेत. तुमचा नंबर लगेच आहे!"

"असू दे."

"अहो, साहेबांनी पहिल्यांदा पाठवलंय ना तुम्हाला—"

"जरा गप्प बसता का?"

त्याने तिचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. क्षणभर काहीच नाही, नुसती ऊब. मग तिला जाणवलं... आधी दमटपणा, मग ओल. बांध फुटावा तसा भुशाखालून घाम येत होता. त्याचं काळीज तिला त्याच्या तळहातात लागत होतं. तिने हात काढून घ्यायला हवा होता. काढला नाही. समोर लोक होते, नंबर पुकारले जात होते, आणि तिला वाटलं, या बाकावर आणखी थोडा वेळ कुणी आपल्याला बोलावू नये.

बोलावलं.

तिने अंगठा ठेवला. मशीनने विचार केला. खूप वेळ, असं तिला वाटलं.

हिरवा!

"देवा!" ती मोठ्याने म्हणाली, आणि रांगेतले सगळे वळून बघायला लागले.

मग तो गेला. लाल. पुसलं, लाल. पुन्हा पुसलं. तळंच साचलं होतं. त्याच्या खिडकीतल्या माणसाने हात टेकले. शेजारच्या बाईंनी एकदा त्याच्या हाताकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

बाहेर पायऱ्यांवर तिने त्याला गाठलं. "का केलंत असं?"

"साहेब दुसऱ्या कुणाला पाठवतील. यंत्र काय, चालू-बंद कुणीही करेल. तुमच्या खुळखुळ्यांबरोबर मात्र दुसरं कुणी..." तो थांबला. "आणि खरं सांगू? हात सोडायचा होता, पण..."

"पण काय?"

"काही नाही. गळतोय मी. जाऊ द्या."

तिच्याही ओठांवर काहीतरी आलं होतं. पण काळजीने थकलेल्या माणसाला गोड गोष्टही चटकन उच्चारता येत नाही. ती एवढंच म्हणाली, "मी नसताना बाबा एकटे असतील... भुसा न्यायला येत जाल?"

"येईन."

व्हिसा आला. त्याच्या जागी साहेबांनी दुसऱ्याला पाठवलं. "त्याचे हात कोरडे आहेत," तो हसत म्हणाला, "आणि विनोदही." पण हसताना त्याने हात खिशात घातले होते, हे तिने पाहिलं.

आणि मग तो परका देश, विमानतळावरची लांबच लांब रांग, काचेमागे एक अनोळखी अधिकारी. त्याने समोरच्या छोट्या काचेकडे बोट दाखवलं. अंगठा!

इथेही? जाण्याआधीच्या दिवसांत तिने राहिलेले भोवरे स्वतःच घासले होते, मोजे फेकून. आता?

लाल.

अधिकाऱ्याने पुन्हा खूण केली. मागची रांग चुळबुळली. इथे बाक नव्हता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. आत्ता तो कारखान्यातून सुटला असेल, बाबांसमोर बसून कुठल्यातरी लाकडाचे केस उभे करत असेल, आणि झाला का ते बघायला समोर कुणाचा गाल नसेल... तिच्या छातीत काहीतरी हललं. तिने बोटं मिटली. उघडली तेव्हा तळहात चमकत होता.

ती बघतच राहिली. तिचा हात, तिचा स्वतःचा हात, ओला झाला होता.

हिरवा.

प्रदर्शनात त्या दुकानवाल्या बाईंनी नमुने एकेक उचलून पाहिले. तिचा जीव टांगणीला. शेवटी बाईंनी एक खुळखुळा घेतला, डोळे मिटले आणि गालावरून फिरवला. दुसरा घेतला, तोही फिरवला. मग हसल्या, आणि वर्षभर पुरेल एवढं काम सांगितलं.

संध्याकाळी तिने फोन लावला. पलीकडे लेथची घरघर ऐकू येत होती.

"काम मिळालं! बाबांना सांगा, लेथ कुठेही जात नाही!"

त्याने ओरडून सांगितलं. लेथ थांबला. बाबांचं देवाला हाक मारणं तिला इथपर्यंत ऐकू आलं.

"आणि ऐक ना..." ती म्हणाली. 'तू' कधी आला, तिलाही कळलं नाही. "विमानतळावर पुन्हा बोटं मागितली. लाल दिवा लागला."

"मग?" तो घाबरला. "मग काय केलंत?"

"काही नाही. तुझी आठवण काढली... हात ओला झाला."

पलीकडे काहीतरी खडखडलं.

"नळा... आहेस का?"

"आहे," तो कसाबसा म्हणाला. "फोन हातातून निसटतोय. दोन्ही हातांनी धरलाय... काका विचारतायत, काय झालं म्हणून."

"सांग त्यांना. मला तुझी लागण झालीय. आणि पुढच्या वेळी भुसा न्यायला रुमाल आणू नकोस."

"मग?"

"पोतं आण," ती म्हणाली. "खूप दिवस भुसा लागणार आहे."