थोरल्या शेठचं तारण

मोबाईल आधी खाली ठेवा. पालथे. हां, असे. लाइट यायची तेव्हा येईल, तोवर त्या निळ्या उजेडात एकमेकांची थोबाडं बघून काय मिळणार आहे? गोष्ट हवी म्हणालात ना, मग ऐका. ही माझ्या गवंड्याची गोष्ट. माझ्या म्हणजे, तो भिंत उभी करायचा आणि मी तीच भिंत फोडून नळ बसवायचो, अशी आमची उभी हयात गेली. तो खोटं बोलत नाही. मी बोलतो कधीमधी, पण आज नाही.

तीन वर्षं झाली. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, रात्रीचे सव्वाअकरा. गवंडी घरून स्कूटर काढून निघाला तो बायकांच्या दवाखान्यात. मुलगी तिथे वरच्या मजल्यावर भरती होती, तिला थंडी वाजते म्हणून घरची चादर घेऊन. बघणाऱ्याला एवढंच दिसलं असतं, बाप लेकीला चादर द्यायला चाललाय. डिकीत थापी होती आणि अर्धी पिशवी सिमेंट, ते दिसलं नसतं.

आता थोडं मागचं सांगतो, नाहीतर तुम्हाला पुढचं कळायचं नाही.

थोरले शेठ तुम्ही पोरांनी फोटोतच पाहिलेत. शाळा त्यांची, वाचनालय त्यांचं, पुलावर नाव त्यांचं, आणि तो दवाखाना, जिथे तुमच्यातल्या निम्म्यांनी पहिला टाहो फोडला, तोही त्यांचाच. तिथे गरिबाच्या बाईला एक पै पडायची नाही. एवढा पैसा कुठला? व्याजाचा. गिरण्यांना द्यायचे, कारखान्यांना द्यायचे, आणि आपल्यासारखा फाटका माणूस गेला तर त्यालाही नाही म्हणायचे नाहीत. समोरच्या कागदावरची मान वर न करता फक्त विचारायचे, "तारण काय?" बस. दोन शब्द.

सोनं चालायचं नाही. "सोनं कुणीही ठेवतं. ज्याच्यावाचून तुझं अडेल ते ठेव." मग शिंप्यानं कात्री ठेवायची, न्हाव्यानं वस्तरा. माझ्या बापाचा पाना वर्षभर त्यांच्याकडे होता. वर्षभर बाप बोटांनी नळ आवळायचा आणि घरी येऊन आम्हाला आवळायचा. हसू नका, तेव्हा हसू यायचं नाही. पण शेठची एक रीत होती. कर्ज फिटलं की तारण पांढऱ्या फडक्यात बांधायचे, वर तांबड्या दोऱ्याची गाठ, आणि पहाटे स्वतः येऊन दारात ठेवून जायचे. चारचौघांत कधी दिलं नाही. माणसाची लाज राखायचे. मात्र देणं पूर्ण फिटल्याशिवाय ते बोचकं कुणाच्या दारात कधी आलं नाही.

ज्यांचं फिटलं नाही त्यांचं काय? शेठ वारल्यावर त्यांच्या घरात मी गळती बघायला गेलो होतो. एक बंद खोली उघडली. भिंतभर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला काहीतरी. कात्र्या, करवती, एका वाजंत्र्याचं क्लॅरिनेट. कोपऱ्यात एक कुबडी होती. कुबडी रे! म्हणजे कुणीतरी त्या दिवशी भिंतीला धरून घरी गेलं असणार.

आणि हाच माणूस दवाखाना फुकट चालवतो. देव म्हणायचं की राक्षस, मला विचारू नका. मी नळवाला, पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं एवढंच मला कळतं.

त्या दवाखान्याच्या उंबऱ्याचं सिमेंट ओलं होतं तेव्हा शेठनी त्यात आपला उजवा पंजा दाबला. करंगळी त्यांची वाकडी होती, लहानपणी दारात चेमटलेली. ती तशीच उमटली. म्हणाले, "लोकांनी माझ्या हातावर पाय देऊन आत जावं." कुणाची छाती होती पाय द्यायची! दिवस भरलेली बाईसुद्धा पोट सावरत पाय उचलून आत जायची. आणि ट्रस्टच्या कागदांत शेठनी लिहून ठेवलं होतं, हा हात उंबऱ्यात आहे तोवर दवाखाना विकायचा नाही.

धाकट्या शेठना तोच विकायचा होता. मोक्याची जागा. बापाच्या नावावर माना झुकतात, पण झुकलेल्या मानांवर इमले चढत नाहीत. हात उरलाय की नाही ते ठरवायला कोर्टाचा माणूस सोमवारी उंबरा बघायला येणार होता. शनिवारी दुपारी धाकट्यांनी गवंड्याला बोलावलं.

"फोडू नकोस. फोडलेलं कळतं. भरून टाक. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, पाय पडून पडून झिजला."

"शेठ, माझी मुलगी आहे तिथे."

"म्हणून तर तुला बोलावलं. तू हे कर, उद्या तिला शहरात हलवतो. मोठे डॉक्टर, स्वतंत्र खोली. शब्द देतो तुला."

गवंड्याची बायको गेलेली, जावई कामाला परगावी. लेकीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. ही तिसरी खेप, सातवा महिना, अंगावर सूज. डॉक्टरीण म्हणाली होती, ही खेप फसली तर पुन्हा नाही. बुडत्याला काडीचा आधार. तो हो म्हणाला. मी असतो तर मीही म्हटलं असतं.

तर तो वर गेला. लेकीच्या अंगावर चादर घातली.

"बाबा, सिमेंटचा वास येतोय तुमच्या अंगाला. एवढ्या रात्री कुठे काम?"

"उद्याचं आहे. नीज तू."

"आज सारखी लाथा मारतेय."

"मारतेय? मुलगी आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"मला कळतं," ती म्हणाली, आणि हसली.

तो खाली आला. वॉचमनला धाकट्यांनी आधीच कुठेतरी धाडलं होतं. दरवाजावरचा एक दिवा तेवढा चालू. गवंडी गुडघ्यांवर बसला. आता गवंड्यांच्या धंद्यात पहिला धडा काय असतो, तर जुन्या सिमेंटवर नवं चढवायचं असेल तर आधी जुन्याला छिन्नीनं टोचे मारायचे. नाहीतर नवं धरत नाही. छिन्नी त्याच्या खिशात होती. पण त्या पंजावर छिन्नी लावायची… त्याचं मन धजेना. त्यानं तसंच भरलं. वरून थापी फिरवली, पाणी मारलं, पुन्हा फिरवली. शेठचा पंजा बुजला. सफाई तर विचारू नका, मला शोधून सापडला नसता.

तो अंगणातल्या नळावर थापी धुवायला गेला. नळ मीच बसवलेला. परत आला.

उंबऱ्यात पाच खळगे.

बोटांचे.

तो स्वतःवरच चिडला. टोचे मारले नाहीत, माल खाली बसला, दुसरं काय. पुन्हा भरलं. या वेळी उठला नाही. मोबाईलचा टॉर्च लावून तिथेच बसला, नजर उंबऱ्यावर.

आधी करंगळी उमटली. वाकडी. त्याच्या डोळ्यांदेखत. हळू, कुणी सावकाश भार टाकावा तशी. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं…

आवाज काही नाही. वारा नाही.

त्यानं थापी उचलली आणि दाबून फिरवली. रागानं. भीतीनं माणूस रागावतो, तसा. बोटं पुसली गेली.

आणि वरून लेकीची किंकाळी आली.

तो ताडकन उठला. जिन्यावरून सिस्टर धावत अर्ध्यात आली होती. "काका, बाळाचे ठोके लागत नाहीयेत! डॉक्टरबाईंना फोन केलाय, निघाल्यात त्या. तुम्ही वर येऊ नका. खालीच थांबा!" आणि ती परत पळाली.

तो उंबऱ्याकडे वळला. कसं कळलं त्याला, मला माहीत नाही. पण कळलं. थापी टाकली आणि बोटांनी सिमेंट उकरायला लागला.

उकरेना.

आत्ता ओलं होतं. आत्ता. आणि आता दगड.

नखं फुटली. वर लेक ओरडत होती. मग ओरडणंही थांबलं. ते जास्त वाईट. तो म्हणाला, "शेठ… चुकलो मी. तिला सोडा. पोराला सोडा…"

मागून आवाज आला.

"तारण काय?"

थकलेला. साधा. कागदावरची मान वर न केलेला.

तो वळला नाही. मागे चप्पल वाजली नव्हती. श्वास नव्हता. त्यानं चाचपडून थापी उचलली. खांद्यावरून मागे धरली.

कुणी घेतली नाही.

…

"तारण काय?"

थापी काय, बाजारात दुसरी मिळते. ज्याच्यावाचून अडेल ते.

त्यानं डोळे मिटले. उजवा पंजा उंबऱ्यावर ठेवला.

दगड मऊ झाला.

हात आत गेला. बोटं. तळवा. मनगट. आणि आत… खालून… कुणीतरी तो हात हातात घेतला. सौदा ठरल्यावर घेतात, तसा. एकदा दाबला.

वर बाळ रडलं.

…

थांबा, पाणी घेतो घोटभर. तुम्हीही घ्या.

मुलगीच झाली. ओंजळीत मावेल एवढी. दोन महिने काचेच्या पेटीत होती, पण जगली. आई जगली. सोमवारी कोर्टाचा माणूस आला. उंबऱ्यात शेठचा पंजा होता तसा होता, वाकड्या करंगळीसकट. धाकट्यांनी गवंड्याला शिव्या घातल्या, पण कागदापुढे काय चालणार? विक्री राहिली.

आणि गवंड्याचा उजवा हात मनगटापासून गेला. म्हणजे होता जागेवर, पण लोंबणारा, थंड. सुई टोचली तरी कळायचं नाही. फोटो काढले, शहरातल्या डॉक्टरांना दाखवलं. नस दबली असेल म्हणाले. अख्ख्या गावाच्या भिंती ज्या हातानं उभ्या राहिल्या त्या हाताला बटण लावता येईना. दवाखान्यानं त्याला गेटवर बसायचं काम दिलं. मला फार वाईट वाटायचं. एकदा बोललो तसं. तो नातीला डाव्या हातानं भरवत होता, मान वर करून म्हणाला, "अरे वेड्या, स्वस्तात पडलं."

तीन वर्षं तो माणूस सुखात होता. खरंच सुखात. नात खांद्यावर आणि हा गेटवर.

गेल्या महिन्यात धाकट्यांनी वरच्या कोर्टातून हुकूम आणला. दवाखाना विकला गेला, तुम्हाला ठाऊकच आहे. या गुरुवारी मशीन लावलं. पहिला घाव उंबऱ्यावरच घातला म्हणे. पंजाचे तुकडे डंपरमध्ये गेले.

काल रात्री मी गवंड्याकडे गेलो. तो खुर्चीत बसला होता, नात मांडीवर झोपलेली. दिवा बारीक केलेला. लेक आत भांडी आवरत होती. त्यानं डोळ्यांनीच मला कोनाडा दाखवला.

कोनाड्यात पांढरं बोचकं होतं. तांबडा दोरा.

"शुक्रवारी पहाटे. दारात," तो म्हणाला.

"कुणा कार्ट्यानं चेष्टा केली असेल."

"गाठ बघ."

मी बघितली. तसली गाठ मी जन्मात एकदाच पाहिली होती, बापाच्या पान्यावर. मी हात लावला नाही. त्यानंही सोडली नव्हती.

"मी काही फेडलं नाही रे," तो हळूच म्हणाला. लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून. "एक दमडी फेडली नाही. मग तारण परत कसं? सावकार दुकान कायमचं बंद करतो तेव्हा काय करतो? ज्याचं त्याला देऊन टाकतो. आणि आपलं दिलेलं…"

आणि त्यानं मांडीवरच्या नातीकडे बघितलं.  पोरीला ताप नाही, खोकला नाही. गाल लालबुंद, श्वास संथ. खणखणीत पोर. आत भांडं पडलं तरी आम्ही दोघं दचकलो.

मी निघायला उठलो. तेवढ्यात पोर झोपेत कुशीवर वळली. मांडीवरून घसरली. पडणार, एवढ्यात त्यानं तिला सावरलं.

उजव्या हातानं.

पाची बोटं तिच्या दंडाभोवती आवळलेली. घट्ट. तो त्या हाताकडे बघत राहिला. मीही बघितलं. त्यानं डाव्या हातानं ती बोटं सोडवायला घेतली. सुटेनात.

माझ्या गवंड्याची करंगळी सरळ होती. आम्ही जन्मभर एका ताटात जेवलोय, मला ठाऊक आहे.

ही वाकडी होती.