निर्हानी

पडद्यावरच्या माणसाला चेहरा नव्हता, आणि ही गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नसे.

कोल्हापूरबाहेरच्या त्या चाचणीगृहातून दुपारी जो तो डोळे पुसत बाहेर पडे. कुणाला आई दिसलेली असे, कुणाला दुबईतला भाऊ. एका गृहस्थांना तर न झालेली बायको दिसली, आणि झालेली शेजारीच बसली होती. सिनेमा एकच, पण शंभर माणसं शंभर निरनिराळी माणसं पाहून घरी जात.

कुमुद भोसेकर तिथे गेल्या त्या सिनेमा पाहायला नव्हे, शब्द घडवायला. उभा जन्म त्यांनी शाळेत मराठी शिकवलं होतं. या नव्या प्रोजेक्टरची माहिती शुद्ध मराठीत हवी होती, आणि तो शोधून काढणारी डॉ. नजमा मुजावर ही बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. अच्युतरावांना जाऊन दोन वर्षं झाली होती, घर खायला उठत होतं, त्यामुळे नजमाचं बोलावणं येताच बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत.

आता विद्यार्थिनी शिकवू लागली आणि बाई शिकू लागल्या. सिनेमा रिळांतून येत नाही हे बाईंना ठाऊक होतं. तो कुलूपबंद गाठोड्यासारखा येतो, त्यात चित्र, आवाज, अक्षरं वेगवेगळी बांधलेली असतात, हे ठाऊक नव्हतं. त्या पॅकेजला बाईंनी 'चित्रगाठोडं' सुचवलं. नजमाला हसू आवरेना, मग 'चित्रसंच' ठरला. तो उघडायची किल्ली वेगळी येते. ती म्हणजे आकड्यांची एक लांबलचक माळ असते, एकाच प्रोजेक्टरला लागू पडते आणि ठरल्या दिवशी आपोआप निकामी होते. तिचं नाव मुदतकिल्ली.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो कॉम्प्रेशनला. मूळ चित्र अवाढव्य असतं, म्हणून त्यातलं जे डोळ्याला कळणारच नाही ते काढून टाकतात. एवढं काढूनही पाहणाऱ्याला काही गेल्यासारखं वाटत नाही, अशा चित्राला बाईंनी शब्द दिला, 'निर्हानी'. नजमा तर खूष झालीच, पण कंपनीलाही तो इतका आवडला की पोस्टरवर छापायचं ठरलं. आपला शब्द पोस्टरवर लागणार म्हणून बाई दोन दिवस हवेत होत्या.

नजमाचा शोध याच्या पुढचा होता. तिनं चित्रातून चेहराच काढून टाकला होता.

"बाई, तिन्हीसांजेला लांबून कुणी येताना दिसलं, की आपण ज्याची वाट बघतोय तेच माणूस आलं असं वाटतं का नाही?"

"वाटतं. आणि जवळ आल्यावर तो वीजबिलवाला निघतो."

"आम्ही वीजबिलवाल्याला जवळ येऊच देत नाही," नजमा म्हणाली.

चेहऱ्याच्या जागी प्रकाशाची एक लुकलुक असते. डोळ्याला ती समजत नाही, पण मेंदूला बरोबर समजते. तो बिचारा रिकामी जागा पाहून अस्वस्थ होतो आणि ज्याची आठवण मनात सगळ्यात वर असेल, त्याला आणून तिथे बसवतो. चेहरा, आवाज, चालण्याची लकब, सगळं तोच पुरवतो. याला नाव पडलं स्मृतिपूरण.

शब्द नीट कळायला हवा म्हणून बाई एका दुपारी अंधारात जाऊन बसल्या. पडद्यावर नदीचा घाट होता. पाण्यावर दुपारचं ऊन हलत होतं. एक माणूस पायऱ्या उतरून आला, खाली बसला आणि संत्रं सोलू लागला. ते अच्युतराव होते. एकेक फोड घेऊन ते तिची पांढरी शीर सावकाश काढत होते. मग त्यांनी मान वर केली, बाईंकडे पाहून हसले आणि फोड पुढे केली. बाईंना रडू आलं नाही. त्यांना आनंद झाला, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी व्हायचा तसा.

त्या रोज जाऊ लागल्या. कुणी विचारत नव्हतं, तरी शब्दांसाठी यावं लागतं असं त्या सांगत सुटत. चोराच्या मनात चांदणं. घाटावरचं ऊन आता त्यांच्या झोपेतही उतरू लागलं होतं.

लेक ऊर्मिला नागपूरला असे. एकदा फोनवर ती म्हणाली की संत्र्यांची पेटी पाठवते. बाई म्हणाल्या, पाठव, तुझे बाबा काय निगुतीनं सोलायचे गं.



"आई, बाबांना संत्र्याचा वास सोसायचा नाही. साल निघालं की शिंका सुरू. आपण दोघी गच्चीवर जाऊन खायचो की."

गंमत केली, असं म्हणून बाईंनी वेळ मारून नेली. फोन ठेवल्यावर त्या अच्युतरावांची शिंक आठवू लागल्या. चेहरा आठवला, हात आठवले, शिंक काही सापडली नाही. त्या घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नजमाला गाठलं. नजमानं आधी इकडची तिकडची उत्तरं दिली, मग खरं सांगितलं. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. ती बाहेर काढली की ओल्या मातीसारखी मऊ होते, आणि परत ठेवताना त्या वेळी जे समोर असेल त्याचा ठसा घेऊन वाळते. बाई रोज अच्युतरावांना बाहेर काढत होत्या, आणि समोर रोज संत्रं होतं.

"तुला हे माहीत होतं?"

"थोडंसं जातं, हे माहीत होतं. पण बाई, कुणाला काही गेल्याचं जाणवतच नाही."

"निर्हानी," बाई म्हणाल्या. नजमानं मान खाली घातली.

तो शब्द तरी पोस्टरवरून काढ, एवढंच बाईंनी मागितलं. नजमानं कंपनीला कळवलंही, पण पोस्टरं गावोगाव गेली होती. चाचणीगृहाची मुदतकिल्ली गुरुवारी निकामी होणार होती. आत गेलं तर अच्युतराव भेटणार होते, आणि दर भेटीला खरे अच्युतराव थोडे कमी होणार होते. शेवटच्या खेळाला बाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. भिंतीपलीकडून घाटावरच्या पाण्याचा आवाज येत होता. तेव्हा मात्र त्या रडल्या.

आता अच्युतरावांची एकच धड प्रत उरली होती, ती ऊर्मिलाच्या डोक्यात. बाई रोज संध्याकाळी फोन करून तिला बोलतं करू लागल्या. बाबा कशावर चिडायचे, आमटीत काय शोधत बसायचे, शिंक आली की आधी चष्मा कसा काढून ठेवायचे. ऊर्मिला सांगे आणि बाई कान देऊन ऐकत. कशाला विचारतेस म्हटलं तर सहज म्हणत. बायको असून नवऱ्याला विसरले, हे लेकीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

मग आठवडाभर ऊर्मिलाचा फोन लागेना. लागला तरी ती घाईत असे. रविवारी तिनं स्वतःहून केला.

"आई, रागावू नकोस. तू सारखं बाबांचं विचारायचीस, मलाही राहवेना. इथं तो सिनेमा लागलाय. रोज जातेय मी. बाबा भेटतात गं."

"तुला भीती नाही वाटली?" बाईंनी विचारलं.

"आधी भीती वाटली. पण पोस्टरवर लिहिलं होतं, निर्हानी. तुझाच शब्द. म्हटलं, आईनं दिलाय, म्हणजे काही जायचं नाही."

"ऊर्मी, बाबा शिंकायचे तेव्हा आधी काय करायचे गं?"

"शिंकायचे?" ऊर्मिला आठवू लागली. "ते नाही आठवत. पण संत्रं काय सुंदर सोलायचे, नाही?"

बाई सगळं सांगणार होत्या. पण लेकीच्या आवाजात जो आनंद होता, तो दोन वर्षांत त्यांनी ऐकला नव्हता.

"हो गं," त्या म्हणाल्या. "फार निगुतीनं सोलायचे."

नागपूरची पेटी कोपऱ्यात तशीच पडून होती. बाईंनी एक संत्रं घेतलं, साल काढलं आणि घरात कुणी शिंकतंय का याची वाट पाहिली. कुणी शिंकलं नाही. अच्युतराव समोर येऊन बसले आणि हसून त्यांनी हात पुढे केला. बाईंनी त्यांच्या हातातली फोड घेतली.