सराईचा नकाशा

सहलीचं ठरलं ते अप्पांच्या गुडघ्यांमुळे. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला, वाळवंटातली ती चार जुनी शहरं फळ्यावर शेकडो वेळा काढून दाखवली, आणि त्यांतल्या एकाचीही वेस कधी डोळ्यांनी पाहिली नाही. वर्षभर तरी चालतील, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्याच संध्याकाळी सुनेनं कंबर कसली.

सून असल्या कामात वाकबगार होती. आग लागली तर इमारतीतून बाहेर कसं पडायचं याचे नकाशे काढणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग. लिफ्टशेजारी टांगलेले असतात आणि कुणीही कधी वाचत नाही, तेच ते. नवरा तिला नकाशेबाई म्हणायचा. या कामाची एक रीत होती. आधी दार शोधायचं, मग माणसं बसवायची. प्रत्येक माणसाचा त्याच्या खोलीत एक ठिपका, आणि ठिपक्यापासून दारापर्यंत रेघ. नकाशा काढणाऱ्यानं स्वतःचा ठिपका मात्र काढायचा नसतो.

चार शहरं, नऊ दिवस, चार माणसं. अप्पा, नवरा, ती स्वतः आणि नऊ वर्षांची लेक, जी सदा साखरेच्या डब्याभोवती घुटमळायची म्हणून घरात मुंगी. तिसऱ्या शहरात तीनशे वर्षांची एक सराई होती, तिचं आता हॉटेल केलं होतं. अप्पांना पायऱ्या नकोत म्हणून तिनं तिथल्या व्यवस्थापकाकडे नकाशा मागितला. त्यानं लगेच पाठवला, हातानं काढलेला, जुन्या वळणाचा.

रविवारी जेवणं झाल्यावर तिनं तो छापून टेबलावर पसरला आणि सगळे भोवती जमले. "मला विहिरीजवळची खोली," मुंगी टेबलावर चढून ओरडली. "मला सावलीतली द्या, बाकी काही म्हणणं नाही," अप्पा म्हणाले. कित्येक महिन्यांत ते असे हसले नव्हते. नवऱ्यानं जिन्याखालची खोली मागितली, म्हणजे घोरणं कुणाला ऐकू जाणार नाही. त्या गडबडीत, आनंदाच्या भरात, तिनं तिघांचे ठिपके नकाशावर मांडूनही टाकले. तेही शाईनं. मग दार शोधायला घेतलं.

दार सापडेना.

मध्ये चौक, चौकाभोवती ओसरी, ओसरीमागे खोल्या, खोल्यांमागे अरुंद बोळ. पेन्सिल त्या बोळातून निघायची, दोन वळणं घ्यायची आणि पुन्हा चौकात येऊन उभी राहायची. तासभर ती खोडरबर झिजवत बसली. पंधरा वर्षांत दार नसलेली इमारत तिनं पाहिली नव्हती. तशी असती तर बांधणारे आतच राहिले असते की. तिनं सराईला फोन लावला.

"बाहेर जायची वाट कुठून आहे?"

"बाहेर?" व्यवस्थापकाचा आवाज म्हातारा, मऊ होता. "आजवर कुणी विचारलं नाही, बाई. आत यायला कुणाला त्रास होत नाही." मग म्हणाला, "वडिलांना पाणी हवंय वाटतं. एक मिनिट हं."

त्याच्या घरात कुणी म्हातारं असेल, असं तिला वाटलं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून अप्पांची हाक आली. "सूनबाई, जरा पाणी देतेस का? घशाला कोरड पडलीये."

योगायोग, असं शहाणी माणसं म्हणतात, तसं तीही स्वतःशी म्हणाली.

सोमवारी अप्पा फिरायला गेले नाहीत. "ऊन फार आहे," म्हणाले. बाहेर आभाळ गच्च भरलेलं होतं. मंगळवारी नवऱ्यानं ऑफिसला कळवलं की येत नाही. बुधवारी मुंगीनं दप्तर उचललंच नाही. ताप नाही, खोकला नाही, जेवणं व्यवस्थित. पण घरात ओला टॉवेल पाच मिनिटांत खडखडीत वाळत होता आणि तिघांचे ओठ फुटले होते. तिचे नाही.

तिघंही बाहेरच्या खोलीत बसून असायचे, रोज आपापल्या ठरलेल्या जागी. बुधवारी संध्याकाळी तिनं टेप आणली आणि सहज मोजून पाहिलं. अप्पांपासून मुंगी, मुंगीपासून नवरा. मग नकाशावरच्या ठिपक्यांवर पट्टी लावली. प्रमाण तंतोतंत जुळत होतं. तिनं पुन्हा मोजलं, तेच आलं.

मग तिनं ब्लेड घेतलं आणि मुंगीचा ठिपका खरवडायला लागली.

"आई गं! दुखतंय!" बाहेरून मुंगी किंचाळली.

ब्लेड तिनं पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. ठिपका तसाच होता.

गुरुवारी दुपारी तिनं फोन केला. "आमचं बुकिंग रद्द करा. चारही जणांचं."

"चार कुठे? तिघं तर आलेत," व्यवस्थापक म्हणाला. "तुमचंच तेवढं राहिलंय. ते रद्द करू?"

तिनं फोन ठेवला. बाहेरच्या खोलीत जाऊन मुंगीचा दंड धरला आणि तिला उठवलं.

"कुठे नेतेस?"

"खाली. चल, चप्पल घाल."

"ओढू नकोस ना."

दारापाशी आल्यावर तिनं कडी काढली. दार सताड उघडलं. बाहेर जिना, शेजाऱ्यांच्या कुंड्या, खालून कुणाच्या तरी स्कूटरचा आवाज. मुंगीनं नखं कुरतडलेला हात पुढे केला आणि उघड्या दारातल्या हवेवरून तळवा फिरवला, भिंत चाचपावी तसा.

"आई, दार कुठंय?"

तिनं मुंगीला उचलायचा प्रयत्न केला. मुंगी जागची हलली नाही.

"अरे, तू तरी ये," ती नवऱ्याला म्हणाली.

"ऊन उतरलं की जाऊ," नवरा प्रेमानं म्हणाला.

ती एकटी जिन्यात गेली. तिला जाता येत होतं. सहा पायऱ्या उतरली. कठड्याला हात लावला, तो गार होता. इथून खाली रस्ता होता, माणसं होती, जन्मभर चालली तरी संपणार नाही एवढं सगळं होतं. आणि वर मुंगी.

ती परत आली.

टेबलावर नकाशा होता. तिनं फोन लावला आणि उजव्या कानाशी धरला.

"मुंगी तिथे रडते का?"

"रडत नाही. विचारत असते तुमचं. रोज."

डाव्या हातानं तिनं पेनाचं टोपण काढलं. विहिरीजवळच्या खोलीत, मुंगीच्या ठिपक्याला अगदी लागून, एक ठिपका काढला. गोल नीट आला, मग तिनं पेन खाली ठेवलं.

"मी उद्या निघते," ती म्हणाली. "पोचायला किती वेळ लागेल?"

"पोचलात की," व्यवस्थापक म्हणाला. "पोरीनं हातसुद्धा धरलाय तुमचा."

तिनं मान वळवून पाहिलं. पलीकडे बाहेरच्या खोलीत मुंगी दोन्ही हात मांडीवर ठेवून, भिंतीकडे बघत बसली होती.

आणि तिच्या स्वतःच्या डाव्या तळव्यात बारीक, कोरडी बोटं शिरली. करंगळीचं नख कुरतडलेलं होतं.